आजचे बाळ मोजणारी पट्टी आणि आजचा कामगार

कामगारांचे शिक्षण वाढले की उत्पादन वाढते आणि उत्पादन वाढले की राहणीमान सुधारते, हे वाक्य इतक्या वेळा आणि इतक्या सहजतेने उच्चारले जाते की त्यातले दोन्ही ‘की’ तपासून पाहावेत असे सहसा कुणाला वाटत नाही. ते तपासू पाहणाऱ्या सामान्य वाचकाच्या हाताशी फुकट येणारी जी मोजकी साधने आहेत, त्यांत जागतिक बँकेचा मानवी भांडवल निर्देशांक हे वारंवार उद्धृत होणारे आणि तितक्याच वारंवार चुकीचे वाचले जाणारे साधन आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये १५७ देशांच्या आकड्यांसह तो प्रथम प्रसिद्ध झाला आणि सप्टेंबर २०२० मध्ये १७४ देशांसाठी त्याची सुधारित आवृत्ती आली. ही दुसरी आवृत्ती मी बऱ्याच काळापासून वापरत आलो आहे. हे परीक्षण त्या अनुभवावर बेतलेले आहे आणि एखादे हत्यार वापरून पाहिल्यावर त्याची धार कुठे चालते आणि कुठे बोथट होते हे सांगावे, तसे लिहिलेले आहे.

माणसाला ‘भांडवल’ म्हणणे कानाला थोडे खटकते, हे आधीच मान्य करतो. अर्थशास्त्रात हा शब्द रुजला तो शिक्षण आणि आरोग्य यांवरचा खर्च हा उपभोग नसून गुंतवणूक आहे, हे ठसवण्यासाठी. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० साली अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून केलेल्या भाषणात हाच मुद्दा मांडला होता. त्यामुळे शब्द रुक्ष असला तरी त्यामागचा हेतू माणसाला यंत्राच्या पंक्तीत बसवण्याचा नव्हता.

निर्देशांकाचा प्रश्न अगदी नेमका आहे. आज जन्मलेले मूल आजच्याच शाळा आणि आजच्याच आरोग्यसेवा यांच्या आधारे वाढले, तर अठराव्या वर्षी त्याची उत्पादकता, पूर्ण शिक्षण आणि पूर्ण आरोग्य लाभले असते तर जी झाली असती तिच्या किती पट असेल? उत्तर शून्य ते एक यांमधल्या संख्येत मिळते. २०२० च्या आवृत्तीत सिंगापूर ०.८८ वर सर्वांत पुढे होते, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक ०.२९ वर सर्वांत मागे होते आणि जगाची सरासरी ०.५६ होती. प्रत्येक देशासाठी दोन पानांचे टिपण, सगळे घटक वेगवेगळे दाखवणारा तक्ता आणि प्रत्येक आकड्याची खालची-वरची मर्यादा हे सारे विनामूल्य उतरवून घेता येते. मांडणी स्वच्छ आहे आणि गणित लपवलेले नाही. आंतरराष्ट्रीय क्रमवाऱ्यांच्या बाजारात ही दुसरी गोष्ट दुर्मिळ म्हणावी लागेल.

ते गणित एकदा हाताने करून पाहावे, असे मी प्रत्येक नव्या वापरकर्त्याला सुचवेन, कारण या साधनाची खरी किंमत त्यातच कळते. निर्देशांक म्हणजे तीन अंशांचा गुणाकार आहे. पहिला अंश पाच वर्षांचे होईपर्यंत मूल जगण्याची शक्यता, दुसरा शिक्षणाचा आणि तिसरा आरोग्याचा. शिक्षणाच्या अंशासाठी अठराव्या वाढदिवसापर्यंत मूल किती वर्षे शाळेत जाईल हे पाहतात, त्याची कमाल मर्यादा १४ वर्षे धरतात आणि मग त्या वर्षांना त्या देशातील मुलांच्या चाचणीगुणांनी भागिले ६२५ या प्रमाणाने गुणतात. ६२५ हे उच्च प्रावीण्याचे गुण मानलेले आहेत, तर ३०० ही तळाची पातळी. समजा, एखाद्या काल्पनिक देशात मूल १२ वर्षे शाळेत जाते आणि तिथले सरासरी गुण ४०० आहेत. त्या बारा वर्षांची ‘शिकण्याने तोललेली’ वर्षे भरतात ७.६८. दुसऱ्या देशात मूल १० वर्षेच शाळेत जाते, पण गुण ५०० आहेत. त्याची वर्षे भरतात ८. म्हणजे दोन वर्षे कमी शाळेत बसलेले मूल या हिशेबात पुढे निघते. पहिल्या देशाने शाळेचे आणखी एक वर्ष वाढवले काय किंवा आहे त्याच बारा वर्षांत सरासरी गुण ३३ ने वाढवले काय, निर्देशांकाच्या दृष्टीने दोन्ही जवळजवळ सारखेच.

हा एक गुणाकार म्हणजे मागच्या अर्धशतकातील एका मोठ्या वादाचे सार आहे, आणि मला या साधनात सर्वांत जास्त आवडलेली गोष्टही तीच. पूर्वी देशोदेशींच्या श्रमशक्तीचे शिक्षण मोजायचे म्हणजे लोक सरासरी किती वर्षे शिकले हे पाहायचे. रॉबर्ट बॅरो आणि जाँग-व्हा ली यांनी दर पाच वर्षांच्या अंतराने तयार केलेली आकडेवारी यासाठी अनेक दशके वापरली गेली. पण ती वर्षे आर्थिक वाढीशी ताडून पाहिली तेव्हा पंचाईत झाली. लँट प्रिचेट यांनी दाखवून दिले की कामगारांच्या शालेय वर्षांत झालेली वाढ आणि दर कामगारामागील उत्पादनात झालेली वाढ यांचा देशांच्या तुलनेत अपेक्षित तो संबंध दिसत नाही. पुढे एरिक हानुशेक आणि लुडगर व्होस्मान यांनी वर्षांच्या जागी गणित आणि विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांतले गुण ठेवले, आणि मग वाढीशी असलेला संबंध ठळकपणे दिसू लागला. मूल वर्गात बसले आणि मूल शिकले यांत जमीनअस्मानाचे अंतर असू शकते, ही गोष्ट प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. ती अर्थशास्त्राच्या तक्त्यांत शिरायला मात्र फार वेळ लागला. या निर्देशांकाने पटावरची संख्या फुगवून समाधान मानणाऱ्या धोरणकर्त्यांची सोय काढून घेतली, आणि केवळ एवढ्यासाठीही तो उपयोगी आहे.

पुढची पायरी मात्र जपून चढावी लागते. तोललेल्या वर्षांचे उत्पादकतेत रूपांतर करताना शिक्षणाचे प्रत्येक वर्ष कमाईत सुमारे ८ टक्के भर घालते, असे धरलेले आहे. हा दर जेकब मिन्सर यांच्या पद्धतीने वेतन आणि शालेय वर्षे यांचा संबंध तपासणाऱ्या असंख्य अभ्यासांतून आलेला आहे आणि तो अवास्तव नाही, पण तो सगळ्या देशांना एकच लावलेला आहे. मी वरच्या पहिल्या काल्पनिक देशाचा, म्हणजे पूर्ण चौदापैकी ७.६८ वर्षे भरणाऱ्या देशाचा, शिक्षणाचा अंश वेगवेगळ्या दरांनी काढून पाहिला. ८ टक्क्यांनी तो ०.६० येतो, ५ टक्के धरले तर ०.७३ आणि १० टक्के धरले तर ०.५३. शिक्षणाच्या बाबतीत देशांचा क्रम यामुळे बदलत नाही, कारण जो पुढे तो कोणत्याही दराने पुढेच राहतो. बदलते ते आश्वासन. शिक्षण पूर्ण झाले तर उत्पादन कितीपट होईल, याचे उत्तर एका दराने सुमारे १.४ पट येते आणि दुसऱ्याने सुमारे १.९ पट. म्हणून शिक्षणातला क्रम पाहण्यासाठी निर्देशांक वापरणाऱ्याने या दराबाबत निश्चिंत असावे. ‘एवढी गुंतवणूक केली तर एवढी वाढ’ असे भाकीत करणाऱ्याने मात्र तो दर आधी स्वतः हलवून पाहावा. ही सोय मूळ तक्त्यातच दिली असती तर बरे झाले असते.

याच जागी आणखी एक जुनी शंका दडलेली आहे. जास्त शिकलेल्या माणसाला जास्त पगार मिळतो तो तो अधिक उत्पादक झाला म्हणून, की पदवीमुळे मालकाला त्याची मूळचीच हुशारी आणि चिकाटी ओळखता आली म्हणून? मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये हा दुसरा पर्याय नीट मांडला. तो काही अंशी जरी खरा असला तरी एका माणसाला मिळणारा शिक्षणाचा फायदा सगळ्या समाजाच्या उत्पादनात तितकाच उतरेल, असे म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूने, शिकलेल्या सहकाऱ्यांमुळे शेजारच्या माणसाचेही काम सुधारत असेल, तर समाजाचा फायदा वैयक्तिक फायद्याहून मोठा ठरेल. निर्देशांक या दोन्ही शक्यता बाजूला ठेवून वेतनातील फरक हीच उत्पादकता मानतो. सोयीसाठी केलेला हा करार आहे आणि वापरणाऱ्याने तो करार म्हणूनच वाचावा.

आरोग्याच्या अंशाबद्दल थोडक्यात सांगतो. पंधराव्या वर्षापर्यंत पोचलेल्यांपैकी किती जण साठीपर्यंत जगतात आणि पाच वर्षांखालील किती मुलांची वाढ खुंटलेली नाही, या दोन गोष्टींवरून तो काढतात. आपल्या काल्पनिक देशात पहिले प्रमाण ८५ टक्के आणि दुसरे ७५ टक्के धरले तर आरोग्याचा अंश ०.९१ येतो. बालकांच्या जगण्याचा अंश ०.९७ धरला आणि तिन्ही अंश गुणले की निर्देशांक ०.५३ निघतो. घसरण मुख्यतः कुठे झाली ते लगेच कळते, आणि अनेक देशांच्या टिपणांत हेच चित्र दिसते.

आता या साधनाविषयीच्या माझ्या मुख्य आक्षेपाकडे येतो. ०.५० निर्देशांक असलेल्या देशाने पूर्ण शिक्षण आणि पूर्ण आरोग्य साधले तर दीर्घकाळात त्याचे दर कामगारामागील उत्पादन दुप्पट होऊ शकेल, असे त्याचे वाचन बँक स्वतः सुचवते. ही दुप्पट पन्नास वर्षांत विभागली तर दरवर्षी सुमारे १.४ टक्के जादा वाढ होते. वाक्य आकर्षक आहे, पण त्यातला ‘दीर्घकाळ’ किती दीर्घ आहे याचा हिशेब फार थोडे लोक करतात. समजा, आज सहा वर्षांच्या मुलांपासून शाळा खरोखर सुधारल्या. ती मुले अठराव्या वर्षी कामाला लागतील, म्हणजे पहिली बारा वर्षे श्रमशक्तीत काहीच बदलणार नाही. माणसे अठरापासून साठीपर्यंत काम करतात असे धरले तर कोणत्याही वेळी बेचाळीस वयोगटांच्या तुकड्या कामावर असतात, आणि दरवर्षी त्यांतली फक्त एक बदलते. सुधारणा सुरू झाल्याला तीस वर्षे होतील तेव्हा नव्या शाळेतून शिकलेल्या एकोणीस तुकड्या कामावर असतील, उरलेल्या तेवीस जुन्याच असतील. म्हणजे एक संपूर्ण पिढी उलटल्यावरही निम्म्याहून अधिक कामगार असे असतील, ज्यांना या सुधारणेचा स्पर्शही झालेला नाही.

त्या जुन्या तेवीस तुकड्यांविषयी निर्देशांक काय सांगतो? जवळजवळ काहीच नाही. प्रौढ माणूस या पट्टीवर उमटतो तो फक्त साठीपर्यंत जिवंत राहतो की नाही एवढ्यापुरता. तो कामावर काय शिकला, मध्येच नवे यंत्र आले तेव्हा त्याला ते शिकवले गेले की घरी बसवले गेले, एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात जाण्याची वाट त्याला होती की नव्हती, यांपैकी कशाचीही नोंद इथे होत नाही. उच्च शिक्षणही बाहेरच राहते, कारण मोजणी अठराव्या वर्षी थांबते. व्यावसायिक शिक्षणाची अवस्था आणखी विचित्र आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड या देशांत शिकाऊ उमेदवार आठवड्याचे काही दिवस कारखान्यात किंवा दुकानात आणि उरलेले शाळेत घालवतो, आणि दोन ते चार वर्षांनी त्याच्या हाती मान्यताप्राप्त कसब असते. निर्देशांकाला त्यातली अठराव्या वर्षापर्यंतची शाळेची वर्षे तेवढी दिसतात, आणि त्या वर्षांचा कस तो शालेय वाचन, गणित आणि विज्ञान यांच्या चाचण्यांनी लावतो. वेल्डिंगचा सांधा सरळ आला का, रुग्णाला सुई नीट टोचली गेली का, हिशेबाची वही जुळली का, हे त्याला विचारताच येत नाही. कामगारांच्या शिक्षणाविषयी ज्याला प्रश्न आहेत, त्याच्यासाठी ही उणीव किरकोळ नाही. दुकानात शिडी घ्यायला गेलेल्याला पायापासून पहिल्या चार पायऱ्याच मिळाव्यात, तसा हा प्रकार आहे.

ही उणीव काही अंशी भरून काढणारे दुसरे साधन आहे, आणि तुलनेसाठी मी ते नेहमी शेजारी उघडे ठेवतो. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना १६ ते ६५ वयाच्या प्रौढांची वाचन, आकडेमोड आणि प्रश्न सोडवणे यांची कौशल्य-पाहणी करते. तिच्या दुसऱ्या आवर्तनाचे निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये ३१ देश आणि अर्थव्यवस्थांसाठी प्रसिद्ध झाले. फिनलंड, जपान, नेदरलँड्स, नॉर्वे आणि स्वीडन वरच्या स्थानी होते. मात्र मागील दहा वर्षांत बहुतेक देशांतील प्रौढांचे वाचनकौशल्य एकतर जागच्या जागी राहिले होते किंवा घसरले होते. शाळेत मिळालेले कौशल्य आयुष्यभर तसेच टिकते, या समजाला ही पाहणी चांगलाच धक्का देते. वापरले नाही तर कौशल्य गंजते, आणि हा गंज मानवी भांडवल निर्देशांकात कुठेच दिसत नाही. पाहणीची मर्यादाही उघड आहे: ती खर्चिक आहे, सहभागी देश मुख्यतः श्रीमंत आहेत आणि ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज आहे ते बहुतांशी त्यात नाहीत. १७४ देशांचा उथळ नकाशा आणि ३१ ठिकाणांचा सखोल नकाशा यांपैकी एक निवडायची वेळ येऊ नये, पण आज ती येते.

बँकेला स्वतःच्या निर्देशांकातली एक फट दिसली असावी, कारण २०२० च्या आवृत्तीसोबत ‘वापरलेले मानवी भांडवल’ मोजणारी जोडपट्टी आली. तिच्या सर्वांत साध्या रूपात निर्देशांकाला कामकरी वयाच्या लोकांपैकी किती जण प्रत्यक्ष रोजगारात आहेत त्या प्रमाणाने गुणतात. ०.६० निर्देशांक असलेल्या देशात निम्मेच लोक कामावर असतील, तर हाती उरतात ०.३०. हा गुणाकार ढोबळ आहे, तरी माझ्या मते संपूर्ण प्रकाशनातला तोच भाग सर्वांत जास्त वाचण्यासारखा आहे. मूळ निर्देशांकात मुली अनेक देशांत मुलांच्या बरोबरीने किंवा किंचित पुढेच असतात. जोडपट्टी लावली की स्त्रियांचा आकडा पुरुषांच्या बराच खाली जातो. शाळेने केलेली कमाई श्रमबाजाराच्या दारात कशी गळते, हे इतक्या कमी जागेत दाखवणारे दुसरे कोष्टक माझ्या पाहण्यात नाही. अर्थात ‘रोजगार’ या शब्दात घरातले विनावेतन काम येत नाही. दिवसभर राबणारी बाई इथेही शून्यच धरली जाते.

राहणीमानाशी या साऱ्याचा संबंध जोडताना दुसऱ्या ‘की’कडे वळावे लागते. दर कामगारामागील उत्पादन दुप्पट झाले म्हणून कामगाराचे जगणे दुप्पट चांगले होतेच असे नाही. वाढीतला किती वाटा वेतनाकडे जातो, कामाचे तास किती, आजारपणात आधार काय, यांवर ते अवलंबून आहे. संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक १९९० पासून आयुर्मान, शिक्षण आणि दरडोई उत्पन्न एकत्र बांधून जगण्याचे मोजमाप करतो, म्हणून अनेकांना तो अधिक जवळचा वाटतो. मला मात्र दोन्हींची कामे वेगळी वाटतात. ज्यात उत्पन्न आधीच मिसळलेले आहे अशा पट्टीने शिक्षणाचा उत्पन्नावर काय परिणाम होतो हे तपासता येत नाही. मानवी भांडवल निर्देशांकात उत्पन्न नसल्यामुळे ते निदान तपासून पाहता तरी येते. उलट ‘लोक कसे जगतात’ हाच प्रश्न असेल तर या निर्देशांकाकडे येऊच नये. तो त्यासाठी बनलेला नाही, आणि त्याचे कर्ते तसा दावाही करत नाहीत.

वापरताना लागणाऱ्या ठेचांपैकी दोन ठळक आहेत. पहिली आवृत्त्यांच्या तुलनेची. २०१८ मध्ये जपानचा आकडा ०.८४ होता आणि २०२० मध्ये ०.८०. दोन वर्षांत एखाद्या देशातली मुले इतकी मागे पडत नाहीत. मधल्या काळात मूळ आकडेवारी सुधारली जाते. दोन आवृत्त्यांचे प्रसिद्ध आकडे शेजारी ठेवून प्रगती किंवा अधोगती ठरवणे हे चुकीचेच आहे. तशी तुलना करायची असेल तर २०२० च्या आवृत्तीत नव्या पद्धतीने मागे जाऊन काढलेले २०१० चे आकडे घ्यावेत. दुसरी ठेच चाचण्यांची. वेगवेगळ्या आंतरराष्ट्रीय आणि प्रादेशिक परीक्षांचे गुण एका मापात आणण्याचा उद्योग धाडसी आहे आणि तो बऱ्याच काळजीने केलेला आहे, तरी काही देशांचे गुण जुन्या किंवा मोजक्या भागांत घेतलेल्या परीक्षांवरून आलेले असतात. प्रत्येक आकड्यासोबत दिलेली खालची-वरची मर्यादा त्यासाठीच आहे. ०.५१ आणि ०.५३ यांच्या मर्यादा एकमेकींत मिसळत असतील, तर दोन देशांत पुढे-मागे कोण हा प्रश्न निरर्थक ठरतो. वृत्तपत्रांतल्या क्रमवारीच्या बातम्यांत या मर्यादा जवळजवळ कधीच छापल्या जात नाहीत.

पाच तारे द्यायची पद्धत पाळायची तर मूळ निर्देशांकाला मी साडेतीन देईन आणि सोबतच्या जोडपट्टीला चार. शाळा आणि बालआरोग्य यांवरच्या खर्चाचे समर्थन करू पाहणाऱ्याला हे साधन भरपूर दारूगोळा पुरवते. प्रौढांचे प्रशिक्षण, शिकाऊ उमेदवारी किंवा नोकरी गेल्यानंतरचे पुनर्शिक्षण यांचा विचार करणाऱ्याने ते केवळ प्रस्तावनेपुरते उघडावे, आणि थेट घटकांच्या तक्त्यापासून सुरुवात करावी. पहिल्या पानावरची ती एक ठळक संख्या वाचायची राहिली तरी फारसे बिघडत नाही.